सेगोचा वाटा

ब्वानालीचे पुढचे दोन दात सिंहाशी झुंजताना पडले असते, तर त्याच्या बायकोनं, अवेतूनं, ते गावभर अभिमानानं सांगितलं असतं. या माणसानं उभा जन्म रानात काढला. हत्तीच्या पायाखालून निसटला, एका रानरेड्यानं त्याला अख्खी दुपार वारुळावर बसवून ठेवलं होतं. आणि शेवटी दात कुणी पाडले? ईदच्या शिजलेल्या बोकडानं! नळी फोडायला गेला आणि दात फोडून बसला. "मेलेल्या बोकडानं सूड घेतला," असं अवेतू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि त्यांच्या आधी स्वतःच हसायची.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ब्वानाली मधाचा माणूस. लुजेंडा नदीकाठच्या आमच्या गावात मधाच्या माणसाला तीन गोष्टी लागतात: कुऱ्हाड, विस्तव आणि सेगो. सेगो म्हणजे साळुंकीएवढं मातकट पाखरू. त्याला पोळं कुठं आहे ते ठाऊक असतं, पण फोडता येत नाही. माणसाला फोडता येतं, पण सापडत नाही. म्हणून माणसानं हाक मारायची, पाखरानं पुढं होऊन पोळं दाखवायचं, मध माणसाचा आणि मेण पाखराचं. हाक अशी, की जीभ थरथरवून लांब 'ब्र्र्र्र' आणि मग पोटातून 'हं!'. ती बापाकडून मुलाकडं येते. दात गेल्यापासून ब्वानालीच्या तोंडून नुसता वारा निघायचा, 'फुर्र्र'. घरामागं जाऊन तो गुपचूप सराव करायचा. त्या हाकेला कोंबड्या जमायच्या, सेगो काही येत नसे.

आमच्याकडं लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो आणि बायकोचा थोरला भाऊ त्या घराचा कारभार बघतो. अवेतूचा थोरला भाऊ अमादे, पोटानं मोठा आणि मनानंही मोठा, एका सकाळी अंगणात येऊन बसला.

"दाजी, आता पुरे झालं," तो म्हणाला. "दात गेले, पाखरू येईना, गेल्या खेपेला हात हलवत परत आलात. मक्यात माकडांनी धुमाकूळ घातलाय. माळ्यावर बसा, हातात गोफण घ्या, सावलीत ऐटीत राखण करा. उद्या रानात कुठं घसरून पडलात तर शोधायला कोण येणार? मी? माझे गुडघे बघा!"

ब्वानाली कुऱ्हाडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत बसून राहिला.

"अवेतू, तूच सांग," अमादे म्हणाला. "घर तुझं, नवरा तुझा. तू म्हणशील ते दाजी ऐकतील आणि मीही ऐकेन."

आता खरं सांगायचं तर अवेतूला हेच हवं होतं. लग्न झाल्यापासून तिनं वाट बघण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. तो नदीपलीकडं गेला की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. लांब कुठं तरस ओरडलं तरी ती दचकून उठायची. आणि एवढा जीव टांगणीला लावून माणूस घरी आला, की ती विचारणार, "काय पाहिलंत?" आणि तो म्हणणार, "काही नाही. झाडं."

झाडं! आठवडाभर बाहेर राहायचं आणि येऊन सांगायचं झाडं! अवेतू स्वतः नदीवरून पाणी घेऊन आली तरी तिला सांगायला दुपार पुरत नसे. माणूस मुद्दाम लपवतो, असं तिला वाटायचं. कधी कधी त्याहून वाईट वाटायचं, की आपल्या बडबडीपासून सुटका म्हणूनच हा रानात पळतो.

"मला विचारशील तर दादा..." तिनं सुरुवात केली.

"आधी चल," ब्वानाली म्हणाला.

"कुठं?"

"माझ्याबरोबर. एकदा बघ आणि मग सांग. तू नको म्हणालीस तर ही कुऱ्हाड मेव्हण्यांच्या घरात नेऊन टांगतो. परत मागणार नाही."

एवढी वाक्यं त्याच्या तोंडून एका दमात कधी कुणी ऐकली नव्हती. बहीणभाऊ दोघंही त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग अमादेनं मांडीवर थाप मारली. "जा गं, जा! तुझा आवाज ऐकून माकडंही नदीपार पळतील. निदान मका तरी वाचेल."

अवेतूनं सामान बांधलं, म्हणजे अर्धं घरच बांधलं. उगाली शिजवायला मक्याचं पीठ, सुकी मासळी, मीठ, भांडं, चटई, मधासाठी पिवळा कॅन आणि सावरीच्या कापसाची उशी.

"उशी राहू दे," ब्वानाली म्हणाला.

"मान माझी आहे. तुमची असती तर राहू दिली असती," ती म्हणाली आणि उशी डोक्यावरच्या बोचक्यात खोचली.

उन्हाळ्यानं नदी आटून वाळूत चार ओहोळ तेवढे उरले होते. ते ओलांडून पलीकडच्या मोठ्या गोरखचिंचेखाली ब्वानाली थांबला. चिमूटभर ज्वारीचं पीठ त्यानं मुळाशी ठेवलं आणि हळू आवाजात वाडवडिलांकडं वाट मागितली. उठून अंगाला लागलेलं पीठ झटकलं आणि म्हणाला, "एक नियम आहे. रानात भांडायचं नाही. भांडणाऱ्याला माश्या फोडून काढतात."

"हा नियम तुम्ही आत्ता काढलात."

"माझ्या वडिलांचा आहे. म्हणून तर घरून निघताना मी तुला कधी उलटं बोलत नाही."

"उलटं? अहो, तुम्ही सुलटंसुद्धा..." अवेतूनं जीभ चावली. आग्यामोहोळाशी कोण वैर घेणार! तिथून पुढं तिनं नवीच रीत काढली. "माझ्या मधाच्या पोळ्या," ती अगदी लाडात विचारायची, "ही काट्यांची वाट तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी शोधून काढलीत ना?" ब्वानाली मान खाली घालून हसायचा आणि पुढं चालायचा.

चालता चालता एक गोष्ट तिच्या लक्षात आली. गावात हा माणूस जरा वाकून चालायचा. बायकोच्या गावातला जावई, बैठकीत कडेला बसणारा, कुणी विचारलं तरच बोलणारा. इथं मात्र त्याची पाठ सरळ झाली होती. पायाखाली न बघता तो पाय टाकत होता आणि पाय बरोबर पडत होते. हा आपल्याच नवऱ्यासारखा दिसणारा दुसरा कुणी आहे की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग त्यानं वळून दात नसलेलं तोंड दाखवलं, तेव्हा खात्री पटली.

दुपारी तिनं मागं वळून पाहिलं. गावाचा धूर दिसत नव्हता. मागं झाडं, पुढं झाडं, आणि झाडांतून मधेच वर आलेले नुसते उघडे खडक. खडक तरी कसले! एकेक खडक म्हणजे अख्खा डोंगर, अंगावर गवताची काडी नाही, उन्हात राखाडी पडलेला. त्यांच्यापुढं गावाची मशीद म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. अवेतू बोलत होती, पण आवाज कशावरच आपटून परत येईना. हळूहळू तिच्या वाक्यांमधलं अंतर वाढत गेलं. इथं आपण नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही, हे तिला कळलं. तिनं पुढं होऊन ब्वानालीच्या सदऱ्याचं टोक धरलं. त्यानं ते धरू दिलं.

एका खडकाच्या पायथ्याशी त्यांनी मुक्काम केला. सकाळी ब्वानालीनं तोंड धुतलं, उभा राहिला आणि हाक मारली. 'फुर्र्र... हं!' त्यानं परत मारली. ओठ दाबून मारली, जीभ वळवून मारली, दातांच्या खिंडारावर बोट धरून मारली. रान गप्प होतं. ऊन अंगावर आलं तरी तो हाका मारतच होता, आणि मग मारेनासा झाला. कुऱ्हाड शेजारी ठेवून दगडावर बसला.

"मेव्हणे बरोबर बोलतात," तो म्हणाला. "चल, परत जाऊ."

अवेतूला जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. आता उठायचं, घरी जायचं, नवरा मक्याच्या माळ्यावर, रोज डोळ्यांसमोर. तिला आनंद व्हायला हवा होता. पण दगडावर बसलेल्या त्या माणसाची पाठ पुन्हा वाकली होती, गावात असते तशी, आणि ते तिला बघवेना. तिला त्याचा नाही, त्या पाखराचा राग आला. जन्मभर मेण खाल्लंस मेल्या, आणि दोन दात गेले तर ओळख विसरलास?

ती उठली. कमरेवर हात ठेवले. सात पोरं आणि त्यांची पोरं ज्या आवाजानं ती नदीवरून जेवायला बोलवायची, तो आवाज तिनं काढला. दात होते तेव्हाची त्याची हाक नदीपलीकडून ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झाली होती. 'ब्र्र्र्र्र्र... हं!'

खडकावरून हाक परत आली. ब्वानाली दचकून उभा राहिला.

"बाईनं मारली तर चालते का हो?" अवेतू घाबरून म्हणाली. "काही पाप बीप..."

"गप्प," ब्वानाली म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला गप्प केलं आणि ती गप्प झाली. पलीकडच्या झाडावरून काड्यापेटी हलवल्यासारखा आवाज येत होता. मातकट पाखरू. शेपटीच्या कडा पांढऱ्या. ते फांदीवर नाचत होतं, त्यांच्याकडं बघून काहीतरी भरभर सांगत होतं.

"हे तर माझ्याहून बोलतंय!" अवेतू म्हणाली.

पाखरू पुढं, मागं हाका मारत ती, तिच्या मागं कुऱ्हाड घेऊन तो. असलं चालणं तिनं कधी केलं नव्हतं. पाखरू थांबलं की थांबायचं, उडालं की पळायचं, आणि तिची हाक बंद पडली की ते परत येऊन जाब विचारायचं. शेवटी एका उंच झाडाच्या ढोलीपाशी ते मुकाट बसलं. ब्वानालीनं ओल्या पानांची जुडी पेटवली, धूर केला, वर चढला. माश्या खूप होत्या, पण चावल्या थोड्याच. लाडात बोलल्याचा फायदा झाला, असं अवेतूचं मत पडलं.

"मेण त्या पानांवर ठेव," वरून ब्वानाली ओरडला. "मोठा तुकडा ठेव. पाखराचा वाटा."

आता इथं अवेतूतली घर चालवणारी बाई जागी झाली. मेण काय कमी मोलाची वस्तू? ढोलाच्या कातड्याला मेण लागतं, गावातल्या ढोलवाल्यांना ते कधी पुरत नाही, आणि असला हा जाडजूड पिवळा तुकडा एवढ्याशा पाखराला? पोट केवढं त्याचं! तिनं नखाएवढं मेण पानावर ठेवलं आणि मोठा तुकडा कमरेच्या कापडात बांधला. पाखरानं तो नखाएवढा तुकडा पाहिला. मग तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर दुसरीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी पाखरू पहिल्या हाकेला आलं. काल झाडाझाडावर थांबत होतं, आज सरळ खाली पाणथळीकडं निघालं. "मोठं पोळं असणार," असं म्हणत अवेतू बोचकं डोक्यावर घेऊन भराभर चालत होती. वेत आणि बोरू डोक्याएवढे उंच. पाखरू एका ठिकाणी बसलं आणि अगदी गप्प झालं. बोरूच्या आत कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला.

"झाड," ब्वानाली म्हणाला. एवढंच.

साठी उलटलेली अवेतू त्या झाडावर कशी चढली, हे तिला आजही सांगता येत नाही. बोचकं खाली, ती वर, आणि तिच्या पाठोपाठ तो. म्हातारा एकटा रानरेडा बोरू मोडत बाहेर आला. शिंगं म्हणजे दारावरची चौकट. वर बघितलं, फुत्कारला, आणि मग राग काढायला खाली जे सापडलं त्यात शिंग घातलं. ती उशी होती. सावरीचा कापूस त्याच्या नाकातोंडात गेला, शिंगावर उशीची खोळ लटकली. रेडा शिंकला. पुन्हा शिंकला. मान हलवत, डोक्यावर फुलाफुलांची खोळ मिरवत झाडाभोवती फेऱ्या घालू लागला.

"मी सांगत होतो, उशी राहू दे," ब्वानाली म्हणाला.

"उशी नसती तर त्यानं झाडावर राग काढला असता," अवेतू फांदीला मिठी मारून म्हणाली. "माझ्या मधाच्या पोळ्या."

रेडा जायचं नाव घेईना. ती वर सरकली, आणखी वर सरकली, आणि पानांतून डोकं बाहेर निघालं तेव्हा समोर सगळंच होतं. खालची नदी वाळूतून चकाकत वळत गेलेली. तिच्या दोन्ही अंगांना रान, थेट आभाळ टेकतं तिथपर्यंत. त्यातून उठलेले ते खडक, एकामागं एक, जवळचे राखाडी, मागचे निळे, त्यामागचे दिसतात न दिसतात असे. वाळूतून हत्तींची रांग चालली होती. इथून ते मुंग्याच वाटत होते, आणि सगळ्यात मागची मुंगी पुढच्या मुंगीची शेपटी धरून होती. कुठं धूर नाही. शेत नाही. वाट नाही. माणूस म्हणून कुणी नाही.

अवेतूनं बोलायला तोंड उघडलं. परत मिटलं. तिला भीती वाटत होती आणि तरी तिथून हलू नये असंही वाटत होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का ते तिला कळेना, कारण दुःख तर कसलंच नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "एवढं सगळं... कुणासाठी हो?"

"कुणासाठीच नाही," ब्वानाली म्हणाला. "म्हणून तर येतो."

शेजारच्या फांदीवर सेगो येऊन बसला आणि तिच्याकडं एकटक बघू लागला.

"अहो, एक सांगू? भांडणार नसाल तर."

"रानात मी भांडत नाही."

"मेण माझ्या कमरेला बांधलंय. कालचं. मोठा तुकडा." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ढोलवाल्यांना होईल म्हणून."

ब्वानालीनं तिच्याकडं पाहिलं, पाखराकडं पाहिलं, खाली उशीची खोळ मिरवणाऱ्या रेड्याकडं पाहिलं. जो वाटा चोरतो त्याला सेगो मधाकडं नेत नाही, शिंगादाताच्या जनावराकडं नेतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अवेतूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाखराला कळणार नाही, असं तिला वाटलं होतं. ब्वानाली हसायला लागला. इतका हसला, की फांदी हलायला लागली.

"हसू नका, पडाल! आणि खाली तो बसलाय!"

"लग्न झाल्यापासून," तो डोळे पुसत म्हणाला, "तुझ्याकडून कुणी हिशेब घेतला नव्हता. या एवढ्याशा पाखरानं घेतला!"

आता ती पण हसायला लागली. वर दोन म्हातारी माणसं हसतात म्हटल्यावर रेडा वैतागला असावा. एक शेवटची शिंक देऊन, खोळीसकट, तो बोरूत निघून गेला.

खाली उतरल्यावर अवेतूनं पहिली गोष्ट केली ती ही, की हिरवीगार पानं तोडून अंथरली, कमरेची गाठ सोडली आणि अख्खा तुकडा वर ठेवला. जरा लांब जाऊन पाखराला म्हणाली, "चुकलं माझं. खा बाबा, पोटभर खा." सेगो खाली उतरला आणि तिच्याकडं न बघता खाऊ लागला. मग चोच पुसून फांदीवर आला आणि काड्यापेटी हलवायला लागला. त्या दिवशी त्यानं त्यांना जे पोळं दाखवलं, त्यात कॅन भरला, भांडं भरलं आणि ब्वानालीची हनुवटीही भरली.

गावात शिरले तेव्हा अर्धं गाव अमादेच्या अंगणात जमलं होतं. तरसानं नेलं असेल म्हणणारे होते, हत्तीनं तुडवलं असेल म्हणणारेही होते. अवेतूच्या आवाजानं सिंह पळाले असतील, असं अमादे सगळ्यांना सांगत होता, पण त्याचे डोळे नदीकडं लागलेले होते. त्यांना बघताच तो गुडघे विसरून धावला. कॅनचं झाकण काढून बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले.

"बरं," डोळे उघडून तो म्हणाला, "आता निकाल सांग. दाजी रानात जाणार की माळ्यावर बसणार?"

ब्वानाली कडेला उभा होता. कुऱ्हाड त्यानं खांद्यावरून काढून दोन्ही हातांत धरली होती, द्यावी लागली तर लगेच देता यावी म्हणून.

"एकटे जाणार नाहीत," अवेतू म्हणाली.

"शाब्बास! मी म्हणत नव्हतो?"

"मी जाणार बरोबर. त्यांच्या तोंडात दात नाहीत, हाक कोण मारणार?"

"तू?" अमादेचं मधाचं बोट तोंडातच राहिलं. "आणि मका? माकडं?"

"तू बस ना दादा माळ्यावर. सावली आहे, ऐट आहे. आवाजही तुला बरा आहे. आणि उंचावर असलास म्हणजे गुडघ्यांनाही आराम."

अंगणात हशा उसळला. अमादे आधी रागावला, मग त्यालाही हसू आवरेना. ब्वानालीनं कुऱ्हाड परत खांद्यावर ठेवली. ठेवताना दांड्यावरून त्यानं एकदा अंगठा फिरवला, ते फक्त अवेतूनं पाहिलं.

"पण असं आहे तरी काय तिथं?" शेजारच्या बाईनं विचारलं. ती खास त्यासाठी चटई घेऊन आली होती. बाकीच्याही बायका सरसावून बसल्या, पोरांना मांडीवर घेतलं, कारण अवेतू सांगायला लागली की संध्याकाळच्या नमाजापर्यंत थांबायची नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. "सांग ना गं. काय पाहिलंस?"

अवेतूनं कापड सावरलं, ऐसपैस बसली, तोंड उघडलं. तिला ती नदी दिसली, वाळूतली हत्तींची रांग, एकामागं एक निळे होत गेलेले खडक. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. तिनं ब्वानालीकडं पाहिलं. तो ओठ मिटून, हसू दाबून, वाट बघत उभा होता.

"काही नाही गं," अवेतू म्हणाली. "झाडं."